मोटारीचा संगणक आणि घरचे झाळकाम

होंडा कंपनीची १९९२ ते १९९५ या काळातील सिव्हिक मोटार अमेरिकेत मोठ्या संख्येने विकली गेली. या मोटारीत पुढील प्रवासी जेथे पाय ठेवतो तेथील गालिचा बाजूस सारला की पत्र्याचा एक चपटा डबा दृष्टीस पडतो. तो इंजिनाचा संगणक. त्यावरील क्रमांकात ‘पी-२८’ ही अक्षरे असतील, तर डब्याच्या पोटात एक चमत्कारिक गोष्ट आढळते. दाटीवाटीने मांडलेल्या भागांमध्ये बोर्डावरील काही जागा चक्क रिकाम्या असतात. एके ठिकाणी चौदा-चौदा छिद्रांच्या दोन ओळी, जवळच दहा-दहा छिद्रांच्या दोन ओळी आणि आसपास काही सुटी छिद्रे. तेथील भाग कोणी काढून नेलेले नसतात. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हापासूनच त्या जागा मोकळ्या आहेत. भागांची सांकेतिक नावे शेजारी छापलेली आहेत, भाग मात्र बसविलेले नाहीत.

या मोकळ्या छिद्रांत स्वतःच्या हाताने चिप बसवून इंजिनाचे वागणे बदलण्याचा उद्योग तेथील हौशी मंडळी कित्येक वर्षे घरच्या टेबलावर करीत आली आहेत. वरवर पाहता हा वेगवेड्या तरुणांचा छंद वाटेल, आणि काही अंशी तो तसा आहेही. परंतु अंगठ्याएवढ्या एका भागापायी सबंध डबा फेकावा का, आणि डबा मिळत नाही म्हणून चालती मोटार मोडीत काढावी का, हा प्रश्न त्याच टेबलावर उभा राहतो. तो प्रश्न कुणाही वाहनधारक कुटुंबाचा आहे.

हा डबा नेमके करतो काय, हे आधी पाहिले पाहिजे. जुन्या पेढीवर मुनीमजींच्या हाताशी व्याजाच्या कोष्टकांचे पुस्तक असे. एका बाजूस मुद्दल, दुसऱ्या बाजूस दिवस. दोन्ही ओळी जेथे भेटतील तेथे बोट ठेवायचे आणि आकडा वाचायचा. दर वेळी त्रैराशिक मांडीत बसण्याचे कारण नसे. इंजिनाचा संगणक हेच करतो. कोष्टकाच्या एका बाजूस इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे असतात आणि दुसऱ्या बाजूस आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब. दोन्ही जेथे भेटतात तेथील आकडा सांगतो, की इंजेक्टरने किती सहस्रांश सेकंद उघडे राहून पेट्रोल फवारावे. दुसऱ्या एका कोष्टकातून ठिणगीची वेळ निघते, म्हणजे पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पाडावी ते ठरते. मग इंजिन थंड असेल तर थोडे अधिक पेट्रोल, धुराड्यातील प्राणवायूमापकाने तक्रार केली तर थोडे उणे, अशी दुरुस्ती वरून होते. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण राखण्याकडे त्याचा कल असतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांसाठी मिळून सेकंदाला शंभर वेळा हे बोट कोष्टकावर ठेवले जाते.

ही सारी कोष्टके आणि ती वाचण्याची रीत मिळून ३२,७६८ अक्षरांच्या जागेत मावते. आजच्या भ्रमणध्वनीवरील एक साधे छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा व्यापते. ‘पी-२८’ डब्यात ही पोथी ओकी या जपानी कंपनीच्या मुख्य चिपेच्या पोटातच, चिप घडवितानाच कोरलेली असते. ती खोडता येत नाही, बदलता येत नाही. एखाद्या यंत्राचे आकडे पक्के होईपर्यंत ते वारंवार बदलावे लागतात, तेव्हा बाहेरून लावायची चिप सोयीची. आकडे पक्के झाले की ते आतच कोरून घेणे स्वस्त. बोर्डाची आखणी मात्र दोन्ही सोयी धरून केलेली राहते. त्या रिकाम्या छिद्रांचे मूळ या काटकसरीत आहे.

अमेरिकेच्या जनरल मोटर्सने वेगळी वाट धरली होती. १९८१ च्या मोटारींपासून त्या कंपनीने संगणकातील आकड्यांची चिप खाचेत बसवून सहज काढता येईल अशी ठेवली. हेतू साधा होता. एकच डबा अनेक मोटारींना चालावा, फक्त चिप त्या-त्या मोटारीची असावी. डबा बिघडला तर कारागीर जुन्या डब्यातील चिप उपटून नव्यात बसवीत असे. मात्र जी गोष्ट कारागीर काढू शकतो ती दुसराही काढू शकतो, आणि पाहता पाहता बदलीच्या चिपा विकणाऱ्यांचा एक व्यापारच उभा राहिला. होंडाच्या धन्यांना ही सोय नव्हती. त्यांना हाती सोल्डरिंग आयर्न घ्यावे लागले. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीस दोषनिदानाची एकसमान पद्धत सक्तीची झाली, आणि त्याच सुमारास तारेने जोडून आतील आकडे नव्याने लिहिता येतील असे डबेही रूढ होऊ लागले. म्हणून हे हस्तकौशल्य मुख्यतः आधीच्या दहा-पंधरा वर्षांतील मोटारींचे. त्या मोटारी अद्याप रस्त्यावर आहेत, आणि त्यांचे नवे डबे मिळणे दुरापास्त झाले आहे.

डबा उघडण्याची घाई मात्र फार महाग पडते. मोटार चालू होत नाही म्हणजे संगणकच गेला, असे मानणारे पुष्कळ. प्रत्यक्षात तो सर्वांत शेवटी जाणारा भाग असतो. त्या काळच्या होंडांत पेट्रोल-पंपाला वीज देणारा मुख्य रिले कुप्रसिद्ध होता. उन्हात उभी केलेली मोटार दुपारी चालू व्हायची नाही आणि संध्याकाळी गारवा आला की निमूट चालू व्हायची. रिलेच्या आतील सोल्डरचे जोड वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि हादऱ्याने केसाएवढे तडकत, आणि तापले की फाकत. त्यावर इलाज पुन्हा सोल्डर करण्याचा, तोही काही मिनिटांचा. किल्ली फिरवल्यावर दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते का, एवढे कान देऊन ऐकले तरी पुष्कळ निदान होते. त्या मोटारींत दोषाचा क्रमांक पाहण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नसे. प्रवाशाच्या बाजूस दडविलेल्या दोन तारांच्या जोडणीत तारेचा एक तुकडा अडकवला, की समोरचा ‘चेक इंजिन’ दिवा लुकलुकू लागे. लांब उघडझाप म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दिवा नुसता पेटून राहिला आणि क्रमांक सांगेनासा झाला, तरच डब्यावर संशय घ्यावयाचा.

मित्सुबिशीच्या १९९० नंतरच्या एक्लिप्स मोटारींची कथा निराळी. त्यांच्या डब्यांतील विद्युत-द्रावण भरलेले कपॅसिटर काही वर्षांनी पाझरत, आणि तो द्रव बोर्डावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकी. झाकण उघडताच मासळीसारखी दुर्गंधी येई, ही तेथील कारागिरांची खूण. तेथे चिपेला दोष देण्यात अर्थ नसे. कपॅसिटर बदलून, बोर्ड धुऊन, खाल्लेली रेषा बारीक तारेने सांधावी लागे.

आता प्रत्यक्ष काम. ‘पी-२८’ मध्ये बसवावयाचे भाग मोजकेच आहेत. अठ्ठावीस पायांची स्मृती-चिप, वीस पायांची ७४एचसी३७३ ही दुसरी चिप, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, एक हजार ओहमचा एक रेझिस्टर आणि ‘जे-१’ अशी खूण असलेल्या दोन छिद्रांना जोडणारा तारेचा तुकडा. यांतील वीस पायांच्या चिपेचे काम ध्यानात आले की सगळी रचना उलगडते. मुख्य चिप ज्या आठ तारांवरून पत्त्याचा अर्धा भाग सांगते, त्याच आठ तारांवरून उत्तरही घेते. जणू वखारीला एकच खिडकी आहे. मालक खिडकीतून पानाचा क्रमांक सांगतो आणि लगेच त्याच खिडकीशी कान लावतो. तेवढ्या वेळात क्रमांक विसरला जाऊ नये म्हणून कोणीतरी तो पाटीवर लिहून धरला पाहिजे. ती पाटी म्हणजे ७४एचसी३७३. आणि ‘जे-१’ ची तार मुख्य चिपेस सांगते, की पोटातील पोथी वाचू नकोस, बाहेरची वाच. या योजनेतील सर्वांत दिलासा देणारी गोष्ट हीच, की ती एक तार कापली तर संगणक पुन्हा कारखान्याच्या मूळ आकड्यांवर परततो.

स्मृती-चिप थेट बोर्डावर कोणी डाग देऊन बसवू नये. तेथे आधी खाचेचे आसन बसवावे. आपल्याकडील बाजारात त्यास आयसी बेस म्हणतात. उष्णता बेस सोसतो, चिप सोसत नाही. शिवाय पुढे चिप बदलावी लागली तर बोर्ड पुन्हा तापवावा लागत नाही.

खरी परीक्षा भाग बसविण्यात नसून छिद्रे मोकळी करण्यात आहे. कारखान्यात बोर्ड वितळलेल्या धातूच्या लाटेवरून जातो, तेव्हा रिकामी छिद्रेही सोल्डरने बुजून जातात. तीस वर्षांनी ते सोल्डर निबर झालेले असते. नवशिका आयर्न टेकवतो, डिसोल्डर पंप ओढतो, आणि छिद्र अर्धेच मोकळे होते. मग तो अधिक वेळ टेकवतो, अधिक जोर लावतो, आणि छिद्राभोवतीचे तांब्याचे कडे बोर्डापासून सुटून वर येते. ज्या क्षणी ते कडे उचलले गेले, त्या क्षणी दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे झाले असे समजावे. जाणता कारागीर उलट करतो. जुने सोल्डर काढण्यापूर्वी तो त्यात थोडे नवे सोल्डर आणि फ्लक्स घालतो. नव्याच्या संगतीने जुने पातळ होते आणि पंपाच्या एका झटक्यात निघून येते. ज्या छिद्राला तांब्याचा मोठा पत्रा जोडलेला असतो, म्हणजे ऋण बाजूचे छिद्र, ते उष्णता पिऊन टाकते. तेथे आयर्नचे जाड बिट लावावे लागते. एकाच बिटाने सर्व छिद्रे उरकण्याचा हट्ट बहुधा याच छिद्रापाशी मोडतो.

कथील ६३ आणि शिसे ३७ या प्रमाणाचा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतो आणि एकदम थिजतो. मधली लपलपीत अवस्था त्यास नसते, म्हणून शिकणाऱ्याच्या हाताला तो बरा. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते आणि हात अधिक सराईत मागते. आयर्नचे बिट ३३० ते ३५० अंशांवर ठेवून एका जोडाला दोन-तीन सेकंद पुरतात. सोनाराकडे झाळकाम पाहिलेल्यास यातील तत्त्व नवे नाही. उष्णता धातूला द्यायची, झाळीला नाही. धातू तापला की झाळ आपण होऊन धावते. येथेही बिट चिपेच्या पायाला आणि तांब्याच्या कड्याला एकाच वेळी टेकवावे आणि सोल्डरची तार दुसऱ्या बाजूने लावावी. बिटावर थेंब घेऊन तो जोडावर ठेवणे ही वाईट सवय. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स तर चुकूनही वापरू नये. तो आज जोड सुरेख दाखवील आणि वर्षभरात तांबे खाईल.

चांगला जोड चकचकीत, कडेला उतरता, डोंगराच्या पायथ्यासारखा पसरलेला दिसतो. थंड जोड मण्यासारखा वर बसतो. दोन्हींतून वीज जाते, दोन्ही मल्टीमीटरवर खरे उतरतात, आणि येथेच धोका आहे. थंड जोड टेबलावर कधीच दगा देत नाही. तो दगा देतो महामार्गावर, डबा तापल्यावर आणि रस्त्याच्या हादऱ्यांवर. धावत्या मोटारीचे इंजिन मधल्या मार्गिकेत बंद पडले, तर त्याबरोबर स्टीअरिंगचे साहाय्य जाते आणि ब्रेकचेही दोन-तीन दाबांत संपते. रेडिओतील थंड जोडाने फार तर गाणे बंद पडते. येथे मागे आसनांवर मुले बसलेली असतात. म्हणून ज्याने यापूर्वी सोल्डर केलेले नाही, त्याने पहिला धडा या डब्यावर गिरवू नये. मोडक्या रेडिओचा बोर्ड आणून त्यावरील शंभर जोड काढावेत, शंभर पुन्हा करावेत, आणि मगच हे झाकण उघडावे.

घरात करावयाचे म्हणून आणखी काही पथ्ये. सोल्डरमधील शिसे या तापमानास वाफ होऊन उडत नाही. नाकात जाणारा धूर राळेचा असतो. तोही निरुपद्रवी नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यास तो बाधतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि पंख्याचा झोत धुराला बाहेर नेणारा हवा. शिसे पोटात जाते ते हातावाटे. त्यामुळे ज्या टेबलावर कुटुंबाची पाने मांडली जातात ते टेबल या कामास वर्ज्य समजावे, सोल्डरचे कण ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत, आणि हात साबणाने धुतल्यावाचून काही तोंडात टाकू नये. लहान मुले जवळ नकोतच. अंगावरील स्थिर विजेचीही काळजी घ्यावी लागते. सुमारे तीन हजार व्होल्टपर्यंतचा स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवतही नाही. चिप मात्र काही शे व्होल्टांनी मरू शकते. मनगटाला भूसंपर्काचा पट्टा बांधणे हा त्यावरील साधा उपाय.

जोड पूर्ण झाले की आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुवावा, भिंगाखाली प्रत्येक पाय पाहावा, आणि शेजारच्या दोन पायांत चुकून पूल झालेला नाही ना, हे मल्टीमीटरने तपासावे. पायांमधील अंतर अडीच मिलिमीटर. एवढ्यात सोल्डरचा एक केस पुरतो. मग चिप बसवायची. तिच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते, बोर्डावरही तशीच खूण छापलेली असते. दोन्ही एका दिशेस आल्या पाहिजेत. उलटी बसवलेली चिप किल्ली फिरवताच जळते, आणि तिच्याबरोबर आणखी काय जाईल याचा नेम नाही. २७सी२५६ या जुन्या जातीच्या चिपेला वर काचेची खिडकी असते. तीतून अतिनील प्रकाश पंधरा-वीस मिनिटे पाडला की आतील लिखाण पुसले जाते. म्हणून लिहून झाल्यावर त्या खिडकीवर अपारदर्शक चिकटपट्टी लावतात. नंतरच्या जाती विजेनेच पुसल्या आणि लिहिल्या जातात.

बॅटरीची ऋण तार काढलेली ठेवूनच डबा जागी बसवावा. तार जोडून किल्ली फिरवली, की ‘चेक इंजिन’ दिवा दोन सेकंद पेटून विझला पाहिजे. तो विझला तर संगणकाने नवी पोथी वाचली आणि तिची बेरीजही ताडून पाहिली असे समजावे. कारण होंडाच्या लिखाणात सर्व आकड्यांची बेरीज जुळते का, हे पाहण्याची सोय आहे. रोजमेळाच्या तळाशी बेरीज जुळली नाही तर मुनीम वही पुढे सरकू देत नसे, तसेच हे. दिवा पेटलेलाच राहिला तर इंजिन चालविण्याचा मोह टाळून डबा पुन्हा टेबलावर घ्यावा.

येथवरचे काम हाताचे झाले. त्याहून जड प्रश्न असा, की त्या चिपेत आकडे कोणाचे? मूळ पोथीची तंतोतंत प्रत असेल, तर ती निखळ दुरुस्ती. मोटारीत दुसरे, थोरले इंजिन बसविले असेल, तर त्याची कोष्टके वेगळी हवीत आणि चिप बदलणे ही गरज ठरते. परंतु अनेक जण तिसऱ्याच हेतूने हे करतात. अधिक शक्ती हवी म्हणून कोणा अनोळखी व्यक्तीने, कोणत्याशा दुसऱ्या मोटारीसाठी, कोणत्याशा दुसऱ्या पेट्रोलवर ठरविलेले आकडे ते उतरवून घेतात. हे न तोलता भाव लावण्यासारखे आहे. पेट्रोल थोडे कमी आणि ठिणगी थोडी लवकर, एवढ्यानेही इंजिनात अवेळी स्फोट होऊ लागतात. बाहेर तो आवाज डबीत खडे वाजल्यासारखा येतो, आत पिस्टनचा माथा झिजत, वितळत जातो. पेट्रोल फार झाले तर धुराड्यातील महागडे शुद्धीकरण-पात्र तापून निकामी होते. जे प्रामाणिकपणे हे काम करतात ते धुराड्यात हवा-इंधनाचे प्रमाण दाखविणारे अचूक मापक बसवतात, मोटार रुळांवर चढवून भाराखाली चालवतात, आणि कोष्टकातील एकेक घर मापून भरतात. सोल्डरिंग एका संध्याकाळचे, हे मापन कित्येक दिवसांचे. चिप बसविली म्हणून मिरविणाऱ्यांपैकी फारच थोडे हा दुसरा भाग करतात, हे कटू असले तरी खरे आहे.

कायद्याची बाजूही येथेच लागते. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याने प्रदूषण-नियंत्रणाच्या रचनेत ढवळाढवळ करण्यास मनाई आहे, आणि कॅलिफोर्नियात बदलीच्या भागास तेथील हवा-संसाधन मंडळाची मान्यता लागते. दुसरीकडे, स्वतःच्या मोटारीतील संगणकाची पोथी उघडून वाचणे हा लेखाधिकाराचा भंग होतो की काय, यावर तेथे वर्षानुवर्षे वाद चालला. २०१५ च्या ऑक्टोबरात वाहनधारकास निदान, दुरुस्ती आणि कायदेशीर बदल यांसाठी तशी सूट मिळाली. ती प्रत्यक्ष लागू होण्यास आणखी एक वर्ष लागले. दोन्ही नियम एकत्र वाचले तर त्यांत विसंगती नाही. डबा धन्याचा आहे. धुराड्यातून बाहेर पडणारी हवा एकट्या धन्याची नाही. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करण्यास आडकाठी करते. मूळ भागाच्या जागी तसाच भाग बसविणे ही दुरुस्ती मात्र त्याहून वेगळी गोष्ट आहे.

आपल्याकडे या विषयाची गाठ पडते ती बहुधा पावसाळ्यात. २००५ च्या २६ जुलैस सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईत हजारो मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. ज्यांचा संगणक प्रवाशाच्या पायाशी होता त्यांच्या डब्यात आधी पाणी शिरले. अशा प्रसंगी किल्ली फिरवून पाहणे हा सर्वांत घातक मोह. ओला बोर्ड वाळवून, धुऊन पुष्कळदा वाचतो. ओल्या बोर्डातून वीज खेळली, की तांब्याच्या रेषा आणि चिपा दोन्ही जातात. बॅटरीची तार आधी काढावी, डबा कारागिराकडे न्यावा, आणि तोवर मोटार ओढूनच हलवावी.

डबा वाचलाच नाही, तर जुन्या बाजारातून तशाच मोटारीचा डबा आणला जातो, आणि येथे नवी अडचण उभी राहते. बहुतेक आधुनिक मोटारींच्या किल्लीत एक सूक्ष्म चिप असते आणि संगणक तिची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू होऊ देत नाही. परक्या डब्याला ही किल्ली ओळखीची नसते. अनेक मोटारींत ही ओळख आठ पायांच्या एका इवल्या स्मृती-चिपेत लिहिलेली असते. पायांमधील अंतर जेमतेम सव्वा मिलिमीटर. जाणता कारागीर मृत डब्यातील ती चिप गरम हवेने उचलतो, तीतील लिखाण वाचून ठेवतो, आणि तीच चिप जुन्या बाजारातून आणलेल्या डब्यात बसवितो. होंडाच्या त्या रिकाम्या छिद्रांतील कामाचे हे आजचे रूप. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील पासोड्या विठोबाचा परिसर, येथे यासाठी लागणारी सामग्री काउंटरवर मिळते. हात मात्र काउंटरवर मिळत नाही, आणि हे काम घरी शिकण्याजोगे नव्हे.

असे काम बाहेर देताना ग्राहकाने तीन गोष्टी मागून घ्याव्यात. पहिली म्हणजे, चिपेला आयर्न लावण्यापूर्वी तीतील लिखाणाची प्रत काढून ठेवण्यात यावी, आणि ती ग्राहकास मिळावी. जुन्या बाजारातील डबा कोणत्या मोटारीचा, हे बिलावर लिहून यावे. चोरीच्या मोटारी फोडून असे डबे विकले जातात, आणि स्वस्त डब्याबरोबर कोणाचे तरी नुकसान घरी येते. आणि मृत म्हणून ठेवून घेतलेला मूळ डबा परत मिळावा. त्यातील एखादा कपॅसिटर बदलून तो दोन वर्षांनी पुन्हा चालू शकतो, हे तो ठेवून घेणाऱ्या कारागिरास चांगले ठाऊक असते.